ओढते डावीकडे

चौथ्यांदा आली गाडी
वाडी नाक्यावर, धर्मकाट्याच्या पुढं, माझ्या खड्ड्यावर.
पहिल्या तिन्ही खेपांना स्वतःच्या चाकांवर आली होती,
या वेळी क्रेनच्या आकड्याला नाक टांगून.

पहिल्यांदा भोजराज कापगते म्हणाला होता,
"भाऊ, डावीकडे ओढून राहिली ना.
साठच्या वर गेलं की स्टेअरिंग अशी थरथरते,
जसा काही मलेच ताप आला."
मी टाय-रॉडचा एंड बदलला.
दुसऱ्यांदा बॉल जॉइंट.
तिसऱ्यांदा कंपनीचं पत्र आलं आधी:
अमुक ते तमुक नंबरच्या गाड्यांचा एक नट
मोफत बदलून मिळेल.
मिळाला. शोरूमनं पावती दिली, चहा पाजला.
बुटीबोरीपर्यंत गाडी सरळ चालली.
तिथं सळाखी भरल्या.
कागदावर दीड टन,
पाट्यांना विचाराल तर अडीच.

खड्ड्यात उभं राहून वर पाहिलं
की गाडी पोटाकडून दिसते.
ग्रीस कुठं सुकलं, रबर कुठं फाटलं,
कोणी कुठं वेल्डिंग मारून वर काळा रंग फासला.
मालक असा कधी पाहत नाही तिला.

नट आवळून झाले की मी रंगाची पिवळी रेघ मारतो,
अर्धी नटावर, अर्धी चाकावर.
रेघ मोडली की समजायचं, फिरला.
भोजराजचा रेघेवर भरोसा नाही.
टपरी आली की तो पान्यानं नट वाजवत जातो:
घट्ट असला तर टणकन बोलतो,
ढिला असला तर आवाज गिळून बसतो.
त्याची पोरगी यामिनी सुट्टीत सोबत असते.
सहावीत आहे. तिलाही कळते म्हणे.

मंगळवारी पहाटे उमरेड रोडवर,
विहीरगावच्या पुढं,
भोजराजनं पाहिलं:
एक चाक आपल्या गाडीला ओव्हरटेक करून चाललं आहे.
तो म्हणतो, मले वाटलं,
कोण्या बिचाऱ्याचं सुटलं बाप्पा.
अन् मग डावा कोपरा खाली बसला,
डांबरावर ठिणग्यांची एक लांब ओळ.

चाकाला काही घाई नव्हती.
तुरीत शिरलं, धुऱ्याला लागून उडालं,
बसलेल्या म्हशीपासून हातभर अलीकडं आडवं झालं.
म्हैस उठली नाही.

आता मालक म्हणतो, लिहून दे,
नट बरोबर आवळले होते.
म्हणजे चूक ड्रायव्हरची.
शोरूम म्हणते, बाहेरच्याचा हात लागला,
आमचा संबंध संपला.
म्हणजे चूक माझी.
भोजराज स्टुलावर बसून आहे.
हात मांडीवर, पण घड्याळातल्या दहा आणि दोनवर,
मधे नसलेलं काहीतरी धरून.

तुटलेला स्टड मी रॉकेलनं धुतला.
तुटल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, गंजका, जुना.
अर्धा चकचकीत, मंगळवारचा.
म्हणजे चीर माझ्या आधीची आहे.
बरं वाटलं.
क्षणभरच वाटलं.
कारण तिन्ही खेपांना हा स्टड
माझ्या बोटांखालून गेला होता
आणि मी त्याच्यावर, न पाहता,
सरळ, सुंदर रेघ मारली होती.

मालकाचा कागद बाकावर आहे.
वारा येतो म्हणून त्याच्यावर स्टड ठेवला.
दोन दिवस झाले.

नवे स्टड बसवले. नट आवळले. रंगाचा डबा उघडला.
यामिनी पाना घेऊन चाकाशी बसली,
कान तिरपा करून, एकेक वाजवत.
टण. टण. टण. टण.
पाचव्यावर थांबली.
पुन्हा मारला.
"काका, हा काऊन नाही बोलून राहिला?"

मी ब्रश डब्यात परत ठेवला.
"खोल," म्हणालो स्वतःलाच,
"पूर्ण चाक खोल."